बाळोते बदलताना : पाळणाघरातील एक दुर्लक्षित घटिका



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय वाचून काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले असेल, तर काहींनी मनातल्या मनात नाकाला रुमालही लावला असेल. सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून तान्ह्या बाळाच्या बाळोत्यांवर बोलावे, हे विचित्र वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या घरातील सून सकाळी नऊच्या सुमारास खराडीच्या कार्यालयात पोहोचते आणि त्याच वेळी सात-आठ महिन्यांचे बाळ पाळणाघराच्या दारात मावशींच्या हाती सोपविले जाते, त्या घरासाठी हा विषय विनोदाचा राहिलेला नाही.

वाघोली म्हणजे वाघेश्वराचे मंदिर, पिलाजीराव जाधवरावांची समाधी आणि दगडाच्या खाणी, अशी ओळख एके काळी पुरेशी होती. २०२१ साली गाव पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. त्या इमारतींत पती-पत्नी दोघेही नोकरी करणारी कुटुंबे आली आणि त्या इमारती बांधणारे मजूरही आपली लेकरे घेऊन आले. दोघांचीही अडचण एकच : दिवसभर तान्हे मूल कोणाजवळ ठेवावे? परक्यांची मुले सांभाळणे या गावाला नवे नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने लातूर व आताच्या धाराशिव जिल्ह्यांतील सुमारे १२०० मुले पुण्यात आणली आणि वाघोलीच्या प्रकल्पात त्यांच्या शिक्षणाची सोय केली, हे येथील ज्येष्ठांना वेगळे सांगावयास नको. पण ती शाळेत जाणारी मुले होती. ज्याला अजून बोलताही येत नाही अशा जिवाला सांभाळणे, ही गोष्ट निराळी आहे.

पूर्वीच्या घरात हा प्रश्न कोणाला पडला नाही, कारण घरात हात पुष्कळ होते. आजी पाय लांब करून बसे, बाळाला पायांवर पालथे घेई, तेल चोळी, कोमट पाणी घाली आणि हे सर्व करताना तिचे तोंड अखंड चालू असे. बाळाला काही कळत नाही, हे तिला कोणी सांगितले असते तर तिने सांगणाऱ्यालाच वेड्यात काढले असते. बाळोते बदलणे दिवसातून दहा-बारा वेळा होई. आई, आत्या, काकू, थोरली बहीण, जिच्या हाताशी बाळ असेल ती बदली आणि बदलताना दोन शब्द बोले. कोणी त्याला शिक्षण म्हटले नाही. पण बाळाच्या भाषेची पहिली शाळा तीच होती.

येथे वस्त्राविषयी थोडे विस्ताराने सांगणे अप्रस्तुत होणार नाही. बाळोत्यासाठी जुनी नऊवारी किंवा जुने धोतर फाडण्याची रीत केवळ काटकसरीची नव्हती. नव्या सुती कापडात कांजी असते; ते चार-सहा धुण्यांनंतरच पाणी नीट शोषू लागते. वापरून विरलेले सूत मऊ असते, ओल चटकन पिते आणि उन्हात लवकर वाळते. आजकाल कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव शेवटच्या पाण्यात घालतात. त्याने कापड हाताला मऊ लागते खरे, पण सुतावर पातळ थर बसून त्याची शोषणशक्ती मात्र घटते. गंमत अशी की ‘डायपर’ हा इंग्रजी शब्दही मुळात कापडाचाच आहे. बारीक चौकटींची नक्षी विणलेल्या तागाच्या वस्त्राला युरोपात ते नाव होते. पुढे त्या वस्त्राचे तुकडे बाळांना गुंडाळू लागले, आणि वस्त्र गेले तरी नाव राहिले.

अमेरिकेत १९६१ साली ‘पॅम्पर्स’ बाजारात आले. त्यानंतर १९८० च्या दशकात, ओल धरून तिची जेली करणारी रासायनिक पूड डायपरमध्ये भरली जाऊ लागली आणि बाळ ओले असूनही कोरडे वाटू लागले. नोकरी करणाऱ्या मातेची त्यामुळे मोठी सोय झाली. ती नाकारण्याचे कारण नाही. प्रवासात, रात्रीच्या झोपेत, पावसाळ्यात कपडे वाळत नसताना डायपर उपयोगीच पडतो. परंतु त्या सोयीबरोबर एक गोष्ट नकळत गेली. सुती बाळोते ओले झाले की बाळ रडे आणि कोणीतरी धावून येई. डायपरमध्ये ते रडत नाही, म्हणून कोणी येतही नाही. दहा-बारा भेटींच्या जागी चार-पाच उरल्या. मग ज्या उरल्या आहेत त्या तरी घाईत उरकू नयेत, हाच आजच्या विवेचनाचा गाभा आहे.

व्यापारी समाजासमोर बोलताना हिशेब मांडलेला बरा. बाळ पाळणाघरात रोज नऊ तास असते असे धरले, तर त्या अवधीत साधारण चार वेळा बाळोते बदलावे लागते. प्रत्येक वेळी पाच मिनिटे दिली तर दिवसाची वीस मिनिटे झाली. वर्षातील कामाचे २५० दिवस धरले तर ५००० मिनिटे, म्हणजे ८३ तासांहून अधिक. तेच काम दोन मिनिटांत उरकले तर ३३ तास. मधले ५० तास कोणाच्या खात्यात गेले? पाळणाघरात खेळणी सर्वांची असतात, गाणी सर्वांसाठी असतात, जेवणही ओळीने होते. एक मोठे माणूस संपूर्णपणे एकाच बाळाकडे पाहत आहे, अशी वेळ दिवसभरात जवळजवळ हीच एक असते.

ही गोष्ट ओळखून तिच्यावर एक संपूर्ण पद्धती उभारणारी स्त्री हंगेरीत होऊन गेली. डॉ. एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, बुडापेस्ट शहरातील लोत्सी नावाच्या रस्त्यावर त्यांनी अनाथ व मातेपासून दुरावलेल्या तान्ह्या बाळांसाठी एक निवास सुरू केला. त्याच सुमारास रेने स्पिट्झ या डॉक्टरांनी बालकाश्रमांतील बाळांची निरीक्षणे प्रसिद्ध केली होती. स्वच्छ खोल्या, वेळेवर दूध, सर्व काही असूनही ज्यांच्याशी कोणी आपलेपणाने वागत नाही अशी बाळे कोमेजत होती, त्यांची वाढ खुंटत होती, कित्येक दगावतही होती. पिकलर यांच्यापुढे प्रश्न होता तो असा की, सांभाळणाऱ्या स्त्रिया थोड्या आणि बाळे पुष्कळ असताना प्रत्येकाला माया कशी पुरवावी?

त्यांनी काढलेला मार्ग अत्यंत व्यवहारी होता. दिवसभर सर्वांकडे थोडे थोडे लक्ष देण्याऐवजी अंघोळ, भरवणे आणि बाळोते बदलणे या तीन प्रसंगी त्या एका बाळाकडेच पूर्ण लक्ष द्यावयाचे. शक्यतो त्या बाळाची ठरलेली स्त्रीच हे करील. काहीही करण्यापूर्वी ती बाळाला सांगेल, वस्तू दाखवील आणि त्याच्या प्रतिसादाची वाट पाहील. घाई नाही, झटका नाही. अशा रीतीने तृप्त झालेले बाळ उरलेला वेळ जमिनीवर मोकळेपणी, आपल्या आपण खेळते, असा त्यांचा अनुभव होता. त्यांच्या परिचयातील माग्दा गर्बर यांनी हा विचार पुढे अमेरिकेत नेला. आज जगभरच्या पाळणाघरांत त्याचा अभ्यास होतो. आपल्या आजीला मात्र तो कोणी शिकविला नव्हता.

आता हे प्रत्यक्ष कसे करावयाचे? बाळ खेळत असेल तर मावशींनी मागून येऊन त्याला एकदम उचलू नये. समोरून यावे, खाली बसावे, नावाने हाक मारावी. ‘बाळोतं ओलं झालंय तुझं, चल, बदलू या,’ असे सांगून दोन्ही हात पुढे करावेत आणि क्षणभर थांबावे. हे थांबणेच सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचे. बाळाला आपल्यासारखे लगेच उत्तर देता येत नाही. त्याला काही क्षण लागतात. पण थांबले तर सहा महिन्यांचे बाळही अंग ताठ करून, हात किंचित वर करून आपली तयारी दाखविते. उचलण्यास संमती देणारे बाळ आणि गाठोड्यासारखे उचलले गेलेले बाळ यांच्या चेहऱ्यांतील फरक कोणालाही दिसावा.

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचे सर्वांत स्पष्ट दिसते. कपडे बदलताना वाकलेल्या माणसाचा चेहरा साधारण त्याच अंतराच्या आसपास येतो. त्यामुळे लहान बाळाला त्या वेळी वेगळे खेळणे लागतच नाही. बोलणारा चेहरा हेच त्याचे खेळणे. दुसऱ्या महिन्याच्या सुमारास ते हसून उत्तर देऊ लागते, हुंकार देते. त्याने हुंकार दिला की मावशींनीही तसाच द्यावा. संवादाला शब्दच लागतात असे नाही.

सहा महिन्यांनंतर चित्र पालटते. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. म्हणजे अनेक बाळे पाळणाघरात येतात ती नेमकी पालथे पडण्याच्या, वळण्याच्या वयात. पाठीवर निजविले की ती उलटतात, लाथा झाडतात, निसटू पाहतात. मावशी कंटाळतात, पाय घट्ट धरतात, बाळ किंचाळते आणि रोजचे युद्ध सुरू होते. अशा वेळी बळ वापरण्याऐवजी काम वाटून द्यावे. स्वच्छ लंगोट बाळाच्या हाती धरावयास द्यावा. ‘आता हा पाय,’ असे म्हणून तळव्याला हलकेच स्पर्श करावा. थोड्या दिवसांत तो पाय आपण होऊन वर येतो. क्रम रोज तोच ठेवावा, म्हणजे पुढे काय होणार हे बाळाला कळते, आणि ज्याला पुढचे कळते ते घाबरत नाही. वर्षाचे मूल उभे राहू लागले की त्याला पाठीवर पाडण्याचा हट्ट सोडावा. कठड्याला धरून उभ्याउभ्या बदलता येते. दीड वर्षाचे मूल आपला डबा आणते, चड्डी खाली ओढते, ओले बाळोते बादलीत टाकते. त्याला वेळ अधिक लागतो, हे खरे. पण ते शिकणेच आहे.

बदलण्याच्या जागी भिंतीला न फुटणारा लहान आरसा, एखादे मोठ्या चेहऱ्याचे चित्र, रंगीत कापडाची झालर असावी. त्यावर बोलता येते. मावशींनी त्या वेळेसाठी एखादे स्वतःचे बडबडगीत ठरवावे. सूर साधा असला तरी चालतो. वाघोलीच्या एका पाळणाघरात मराठी, मारवाडी, गुजराती, हिंदी, तेलुगू अशा अनेक घरांची बाळे एकत्र येऊ शकतात. बाळाच्या घरी पाण्याला, दुधाला, ‘झाले’ या शब्दाला काय म्हणतात, ते आईकडून विचारून घेऊन पाच-सहा शब्द भिंतीवर लिहून ठेवण्यास खर्च काहीच नाही. परक्या जागी घरचा शब्द कानी पडला की बाळ वळून पाहते.

मोबाईल मात्र त्या जागी नको. बाळ शांत पडून राहावे म्हणून त्याच्यासमोर चित्रफीत लावणे सोपे आहे. पण त्याचा अर्थ संवादाची एकमेव वेळही यंत्राला देऊन टाकणे, असा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाच्या आतील बाळांना पडदा मुळीच दाखवू नये असे सांगितले, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची सूचनाही दोन वर्षांपर्यंत तशीच आहे. मावशींच्या खांद्याला फोन आणि हाताला बाळ, हे दृश्यही तितकेच वाईट.

सुरक्षितता व स्वच्छता यांविषयी थोडक्यात. सर्व साहित्य आधी हाताशी घ्यावे. बाळाला टेबलावर एकटे सोडून क्षणभरही वळू नये, एक हात सदैव त्याच्या अंगावर असावा. जागा लहान असेल तर जमिनीवरची गादीच उत्तम, कारण तेथून पडण्याचे भय नाही. मुलींना नेहमी पुढून मागे पुसावे. अंग चोळून नव्हे, टिपून कोरडे करावे. पावडरीची गरज नाही, ती श्वासात जाते. प्रत्येक बाळानंतर जागा पुसावी, साबणाने हात धुवावेत, आणि बदलण्याची जागा स्वयंपाकाच्या ओट्यापासून दूर असावी.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पुस्तिकेत फारशी सापडत नाही, आणि ती आपल्या परंपरेत स्पष्ट सांगितलेली आहे. बाळोते उघडताच आपण नकळत नाक मुरडतो, ‘शी’ म्हणतो. बाळ चेहरा वाचते. आपल्या शरीराविषयीचा पहिला अभिप्राय त्याला तेथे मिळतो. सम्यक्त्वाच्या आठ अंगांतील निर्विचिकित्सा म्हणजे किळस न करणे. रत्नकरंडक श्रावकाचारात या अंगासाठी उद्दायन राजाचे नाव दिलेले आहे. रोगी मुनीची वांती स्वतःच्या हातांनी पुसणाऱ्या त्या राजाची कथा पाठशाळेत अनेकांनी ऐकली असेल. मुनींसाठी सांगितलेल्या पाच समितींपैकी भाषा समिती बोलण्यातील सावधपण शिकविते, आदान-निक्षेपण समिती उचलण्या-ठेवण्यातील, आणि शेवटची मलमूत्राच्या विसर्जनातील. ती व्रते साधूंची आहेत, पाळणाघरातील मावशींशी त्यांची तुलना करण्याचे कारण नाही. तरीही बाळाला सांगून, अलगद उचलून, घाण नीट दूर करणारी स्त्री पाहिली की जयणा हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही.

विसर्जनाचा विषय निघालाच आहे तर, वापरलेला डायपर उघडा टाकू नये. तो कचरावेचक भगिनींच्या हाती लागतो. कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करण्याची पद्धत पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचकांनीच सुचविली, ती पाळण्यास अडचण कसली?

आता मावशींकडे वळू. महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्यात पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्याची विकासवाडीची कल्पना होती. मुलांना न्हाऊ घालणे, केस विंचरणे ही कामे तेथे शिक्षिकेला कमीपणाची वाटत नव्हती. तो शिक्षणाचाच भाग होता. पुढे १९६९ मध्ये दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर धुळीत पडलेली मजुरांची बाळे पाहून मीरा महादेवन यांनी मोबाईल क्रेशेस हे काम सुरू केले. पुण्यातील बांधकामांवर आज तारा मोबाईल क्रेशेस ही संस्था तसेच काम करते, आणि वाघोलीच्या खाणींवर ‘संतुलन’ संस्थेने पाषाणशाळा चालविल्या. सिमेंटच्या धुळीत, पाण्याच्या टंचाईत बाळाला स्वच्छ करून त्याच्याशी दोन शब्द बोलणाऱ्या स्त्रिया तेथे आहेत. मग वातानुकूलित पाळणाघरात वेळ नाही, असे का म्हणावे लागते?

कारण हिशेब पुन्हा आड येतो. कार्यालयांच्या पाळणाघरांसाठी २०१८ मध्ये केंद्र सरकारने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालील १० मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती असे प्रमाण होते. दहाही बाळे बाळोत्यातली असतील तर दहा बाळे, चार वेळा, पाच मिनिटे, म्हणजे तीन तास वीस मिनिटे केवळ एवढ्याच कामाला. भरवणे, निजविणे, रडणे थांबविणे हे त्यापुढे. अशा स्थितीत मावशींनी घाई केली तर दोष तिच्या स्वभावाचा नव्हे. पाच-सहा तान्ह्यांमागे एक मावशी ठेवावयाची तर पगार वाढतो, मासिक शुल्क वाढते. हे शुल्क देताना सुशिक्षित पालक जेवढी घासाघीस करतात, तेवढी ते मोठ्या दुकानातील खेळणे घेताना करीत नाहीत, हे निरीक्षण कटू असले तरी खरे आहे. ज्या हातांत घरातील सर्वांत नाजूक जीव ठेवावयाचा, त्या हातांचा मोबदला मात्र घरातील सर्वांत लहान खर्च असावा, हे कोणत्या वहीखात्यात बसते? सरकारनेही ‘नवचेतना’ या नावाने २०२४ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या विकासासाठी आराखडा आणला. अंगणवाडी सेविकांनी रोजच्या सांभाळातूनच बाळाशी बोलावे, खेळावे, ही त्यातील दिशा योग्यच आहे. पण एका सेविकेवर किती कामे टाकावीत, हा प्रश्न तेथेही आहेच.

वडिलांनी आणि आजोबांनी हा विषय बायकांचा समजू नये. सकाळचे एक बाळोते पित्याने बदलावे. पाळणाघराच्या मावशींना कोणत्या सूचना द्यावयाच्या, हे त्याशिवाय त्याला कळणार नाही.

पाळणाघर पसंत करावयास जाल तेव्हा भिंतीवरची चित्रे आणि प्रवेशद्वाराची कमान थोडी बाजूस ठेवावी. बाळोती बदलण्याची जागा कोठे आहे, ती दाखवा, असे सांगावे. हात धुण्याचे पाणी तेथून किती पावलांवर आहे ते पाहावे. एका मावशीकडे किती तान्ही आहेत आणि रोज त्याच मावशी असतात का, हे विचारावे. परवानगी घेऊन एखाद्या बाळाचे बाळोते बदलताना दुरून पाहावे : उचलण्याआधी हाक मारली का, बदलताना नजर बाळाकडे होती की दाराकडे. घरून पाठविताना चार-पाच धुतलेली मऊ सुती बाळोती, एक जादा चड्डी, घरच्या शब्दांची चिठ्ठी आणि एक छोटी वही द्यावी. वहीत मावशींनी बदलण्याची वेळ लिहावी, पुरळ दिसले तर ते लिहावे, आणि बाळाने त्या वेळी काही नवे केले असेल, पाय वर केला, आरशात पाहून हसले, तर तेही एका ओळीत लिहावे. संध्याकाळी आई ती ओळ प्रथम वाचील.